ऋषिपंचमीची काकडी

मांडवावरची पानं दोन्ही हातांनी बाजूला सारत नरहर काकडी शोधत होता. पानं ताटाएवढी, हिरवीगार. शेजारचे तिवारीजी येताजाता थांबत आणि "क्या बात है बड़े बाबू" म्हणत. पण पानं काही ताटात वाढता येत नाहीत. हाताला लागल्या त्या मोजक्याच काकड्या, आणि त्यांतली एकही धड नव्हती. देठाकडे करंगळीसारखी बारीक आणि खाली येता येता एकदम फुगलेली.

"बाबा, ही काकडी आहे की सुराही?" वसुधा मागच्या दारात उभी राहून वेणी घालत होती. "पानी भरके रख दो, मस्त थंड होईल."

"मराठीत बोल."

"सुराहीला मराठीत काय म्हणतात?"

नरहरला पटकन आठवलं नाही. कृषी खात्यात सगळा जन्म कागद तपासण्यात गेला आणि मुलीने विचारलेला साधा शब्द सुचत नाही, याचं त्याला उगीचच वाईट वाटलं. त्याने त्यातल्या त्यात बऱ्या काकड्या निवडून पिशवीत टाकल्या.

"आटपा आता," कमलिनी आतून म्हणाली. "ऋषीला काकडी लागते. देखणी काकडी लागते असं कुठं सांगितलंय?"

"प्रश्न ऋषीचा नाही."

"ते काय मला कळत नाही?" कमलिनी बाहेर आली आणि पिशवीत डोकावून म्हणाली, "प्रश्न आईंचा आहे. पण काकडी बघून कोणी घर बदलत नाही हो."

नरहरने पिशवीचं तोंड आवळलं. त्याला नेमकं हेच वाटत होतं, की बदलतं.

श्रावणात चार दिवस म्हणून आई धाकट्या अच्युतकडे, बरखेड्याच्या कारखान्याच्या वसाहतीत गेली, ती अजून परतली नव्हती. नागपंचमी झाली, पोळा झाला. दर वेळी नरहर आणायला जाई आणि दर वेळी आई म्हणे, "पुढच्या आठवड्यात बघू." आता तर ऋषिपंचमीचं जेवणही अच्युतनेच ठेवलं होतं. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, तेव्हा खात्याच्या फायलींबरोबर नरहरही या टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये येऊन पडला. गणपती नागपुरात चुलत्यांकडेच राहिला. त्यामुळे भाद्रपदात या घरचा सण म्हणजे ऋषिपंचमी. त्या दिवशी आई बैलाच्या कष्टाचं काही खात नाही. नांगराखालच्या जमिनीतलं धान्य नको, भाजी नको. म्हणून पहिल्याच वर्षी तिने मागच्या अंगणात स्वतः खुरप्याने आळं करून काकडी लावली. दरवर्षी त्या वेलाची काकडी ऋषीच्या भाजीत पडे. तशी काकडी आख्ख्या वसाहतीत नव्हती. लांब, सरळ, कोवळी, मिठाशिवायही गोड.

यंदा अच्युतच्या अंगणातही वेल होता. नरहरने तो श्रावणात पाहिला आणि त्याची झोप उडाली. काकड्या नुसत्या लोंबत होत्या. घरी येऊन त्याने मंडईतून आणलेलं पांढरं खत, ते अमोनियम सल्फेट, वेलाला पुन्हा घातलं. पुढच्या रविवारी परत घातलं. वेल पिसाळल्यासारखा वाढला, शेजारच्या भिंतीवर गेला, आणि फळायचं विसरला.

*

बरखेड्याचं क्वार्टर लाल विटांचं, कोरं करकरीत. दारातच सुचेताने सगळ्यांना पाणी दिलं. अच्युतची बायको मुंबईची, बोलायला मोकळी, हसायलाही.

"या वहिनी. वसू, किती उंच झालीस गं! भावोजी, द्या ती पिशवी इकडे."

नरहरला पिशवी द्यायची नव्हती. पण सुचेताने ती घेतलीही, आत पाहिलंही. तिच्या भुवया क्षणभर वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. ते क्षणभराचं वर जाणं नरहरच्या छातीत रुतलं.

"अरे वा," ती म्हणाली. "वेगळीच जात दिसते."

"तीच जात आहे," नरहर म्हणाला. "आईनेच बी दिलंय. तुम्हालाही त्याच फळाचं दिलंय."

"हो का?"

आई सोप्यात पाय पसरून बसली होती. नुकतीच नाहलेली, पांढरे केस मोकळे सोडलेले, आणि चेहरा असा तुकतुकीत की नरहरला आनंद व्हायच्या आधी राग आला. आपल्याकडे असताना ती अशी दिसत नव्हती.

"आलास नरू? वाळलास रे."

"तू मात्र बरी दिसतेस."

"इथे बरंच आहे मला," आई म्हणाली. नरहरने ते वाक्य उचललं आणि मनात जपून ठेवलं, दुखरा दात जिभेने पुन्हा पुन्हा चाचपावा तसं.

अच्युत आतून आला. कारखान्याची सुट्टी असूनही इस्त्रीची पँट. "दादा, आधी मागे चल. तुला एक गोष्ट दाखवायचीय. कृषी खात्याचा माणूस घरात असून मी कोणाला विचारू?"

मागच्या अंगणात शिरताच नरहर थबकला. वेलाच्या मांडवाला लागूनच, विटांच्या चौथऱ्यावर, आईचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब उभा होता. घासून लख्ख केलेला, नळी अजून गरम. बाजूला यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांची रास. पुढे दोन पावलांवर वेलाचं आळं, आणि आळ्यात राखेचा थर, जुनी राख, तिच्यावर नवी राख.

"ही राख?" त्याने विचारलं.

"रोजची बंबातली. सुचेता इथेच ओतते. लांब कोण नेणार?" अच्युतने एक पान उलटं केलं. "ते सोड. हे बघ. पंधरा दिवसांपासून खालची पानं पिवळी पडताहेत. काकडी देठाकडे चांगली आहे, पण टोकाला अशी निमुळती, उंदराच्या शेपटासारखी. काय कमी पडतंय?"

नरहरला उत्तर ठाऊक होतं. गेल्याच वर्षी काकडी, दोडका, भोपळा यांच्या खतांवरचं खात्याचं पत्रक त्यानेच छापखान्यात जाण्याआधी वाचून दिलं होतं. नत्र पानाला, स्फुरद मुळाला नि फुलाला, पालाश, म्हणजे पोटॅश, फळाला. नत्र कमी पडलं की पान पिवळं, काकडीचं टोक निमुळतं. इथे नत्र हवं होतं. मूठभर पांढरं खत, पाण्याबरोबर, आठ दिवसांत फरक. अर्धं पोतं त्याच्या घरी कोपऱ्यात पडलं होतं.

आणि पालाश कमी पडलं की काकडी देठाकडे बारीक आणि खाली फुगीर.

त्याने बंबाकडे पाहिलं. लाकडाच्या राखेत पालाश. इतकी वर्षं त्याच्या अंगणात हाच बंब पेटत होता, आणि आई हीच राख आळ्यात टाकत होती. स्वयंपाक वातीच्या स्टोव्हवर, त्यामुळे घरात राख म्हणून होती ती एवढीच. बंब गेला, राख गेली. आणि राख गेल्यावर तो वेलाला नत्रामागून नत्र पाजत बसला होता. पत्रकातला शब्द न् शब्द पाठ होता, आणि स्वतःच्या अंगणात तो वाचता आला नाही.

आणि बंब दिला कोणी? त्यानेच. माघात अच्युतला हे क्वार्टर मिळालं तेव्हा सगळे इथे जमले होते. अच्युतने नवा रेडिओ लावला होता, माणसं त्याच्याभोवती गोळा झाली होती, नरहर एकटाच खिडकीपाशी उभा होता. तेव्हा कोणी न विचारता तो मोठ्याने म्हणाला होता, "आईचा बंब तू घेऊन जा अच्युत. आमच्याकडे आता स्टोव्हवर पाणी होतं." सगळ्यांनी वळून पाहिलं होतं. तेवढ्यासाठीच तो बोलला होता.

"दादा? काय कमी पडतंय?"

"बघावं लागेल," नरहर म्हणाला. "असं उभ्या उभ्या नाही सांगता येत. ऑफिसात विचारतो कोणालातरी."

"तुलाच माहीत नाही?" अच्युत हसला. थट्टेनेच हसला, पण नरहरने मनात दार लावून घेतलं. पडू दे पिवळी. सगळाच वेल पिवळा पडू दे.

*

पानं मांडली. ऋषीची भाजी वाढली गेली, तिच्यात अळू, लाल भोपळा, मक्याचं कणीस आणि काकडीच्या फोडी. कमलिनीने एक फोड बोटाने उलटवून पाहिली.

"सुचेता, ही तुमच्या वेलाची ना?"

"हो वहिनी."

"आणि आम्ही आणलेली?"

"ती जरा..." सुचेताने नवऱ्याकडे पाहिलं. "म्हटलं कडू निघाली तर आख्खी भाजी जाईल. उपासाची भाजी आहे, आईंना दुसरं काही चालत नाही."

"चाखून पाहिलीस?"

"नाही."

"मग कडू आहे हे कसं कळलं?"

"वहिनी, दिसतंच ना!"

"काकी, तुम्ही पण ना," वसुधा पुटपुटली, "बाबांचा मूड आधीच खराब है."

नरहर खाली मान घालून पानावरच्या पाण्याच्या थेंबाकडे बघत होता. सुचेता चुकीचं बोलत नव्हती. सकाळी त्याने एक काकडी चोरून चाखली होती आणि थुंकली होती.

"आण गं ती पिशवी," आई म्हणाली. "आणि विळी."

"आई, तुम्ही जेवा आधी."

"आण म्हटलं ना."

आईने विळी पायाखाली धरली. नरहरची काकडी घेऊन देठाकडचं डोकं कापलं आणि त्याच चकतीने कापलेल्या तोंडावर गोल गोल घासायला लागली. पांढरा फेस आला. तो पुसून तिने आणखी एक चकती काढली, पुन्हा घासलं. बारीक मान संपेपर्यंत चकत्या उडवत गेली. मग उरलेल्या फुगीर भागाची फोड तोंडात टाकली. सगळे तिच्या जबड्याकडे बघत होते.

"बियांनी भरलीय," ती म्हणाली. "पण खाववते."

मग तिने सुचेताच्या टोपलीतली एक उचलली, नरहरच्या एका आख्ख्या काकडीशेजारी ठेवली, आणि दोघा मुलांकडे पाहिलं. "एकीची मान आवळलेली, दुसरीचं शेपूट वाळलेलं. दोन घरं मिळून एक धड काकडी निघत नाही. यांना जोडून लावता आली तर बघा."

वसुधा फिस्सकन हसली. बाकी कोणी हसलं नाही. आईने आपल्या पानात दोन्हींच्या फोडी घेतल्या आणि जेवायला लागली.

"बघितलंस दादा?" अच्युत एकदम बोलला. आवाजात थट्टा नव्हती. "महिनाभर माझ्या अंगणातली काकडी खातेय. कधी म्हणाली, चांगली आहे? तुझी कडू असली तरी खाववते. माझी गोड असली तरी शेपूट वाळलेलं."

"मी तसं नाही म्हटलं," आई म्हणाली.

"रोज हेच असतं. चार वाजले की हिचं लक्ष घड्याळाकडे. नरू आता ऑफिसातून निघाला असेल. चहाला दूध असेल की नाही. नरूला घाम फार येतो. सुचेताने केलेला चहा हातात असतो, आणि ही चौकशी करते तिथल्या दुधाची!"

सुचेता पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मी आधी मनावर घेत होते. आता नाही घेत." तिने अजून मनावर घेतलेलं आहे हे सगळ्यांना दिसलं.

नरहरच्या अंगातून काहीतरी उबदार सरकत गेलं. तो लाजला, पण ती ऊब त्याने थांबवली नाही. आयुष्यभर त्याने अच्युतचा हेवा केला होता, त्याच्या पदवीचा, पगाराचा, मोकळ्या हसण्याचा. आणि हा इस्त्रीच्या पँटमधला इंजिनियर त्याचा हेवा करत होता. कशाचा, तर चार वाजताच्या चहाचा.

"मग आई," तो म्हणाला, आणि आवाज फार हळू निघाला म्हणून पुन्हा म्हणाला, "मग तू घरी का येत नाहीस?"

आईने घास खाली ठेवला. "गुडघे रे. सकाळी उठवत नाही. इथे बंबातलं कढत पाणी असतं, दोन बादल्या घेते, शेकते, मग पाय चालतात. तिथे स्टोव्हवर पातेलंभर पाणी. कमलिनी बिचारी डबा करणार की माझं पाणी तापवणार? उन्हाळ्यात निभलं. पावसाची गार हवा सुरू झाली तसं जमेना."

"बोलला नाहीत कधी," कमलिनी म्हणाली.

"काय बोलायचं? त्याने मोठ्या मनाने दिला होता भावाला. सगळ्यांसमोर. त्याचं मोठं मन मी कसं मोडू?"

नरहरला पानातलं काही दिसेना. त्या माघातल्या दुपारी, रेडिओशेजारी, त्याने एका वाक्यात काकडीही घालवली होती आणि आईही. आणि आई त्याला मोठं मन म्हणत होती.

"घेऊन जा मग," अच्युत म्हणाला. तो अजून रागातच होता, मान दुसरीकडे. "बंब पण ने आणि आईला पण. मला कारखान्यातला माणूस उद्या हीटर बसवून देईल. इथे राहून मनाने तिकडेच असायचं, त्यापेक्षा तिकडेच बरी."

नरहरच्या तोंडात वाक्य तयार होतं. दिलेली वस्तू मी परत घेत नसतो. किती छान वाक्य. सगळ्यांनी वळून पाहिलं असतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं. कमलिनी त्याच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्याची वाक्यं बाहेर पडण्याआधीच ऐकू येत. तिने हळूच मान हलवली, नको.

नरहर घोटभर पाणी प्यायला.

"टांग्यात मावेल का?" त्याने विचारलं.

*

टांग्यात बंब मावला. आई पुढे टांगेवाल्याच्या शेजारी बसली, मागे कमलिनी आणि वसुधा, दोघींच्या मध्ये बंब, एखाद्या जाड पाहुण्यासारखा. सुचेताने आईच्या मांडीवर काकड्यांची टोपली ठेवली. वाकून नमस्कार करताना तिने पटकन डोळे पुसले आणि आईने तिच्या गालावरून हात फिरवला, जरा जास्त वेळ. नरहरने तेही पाहिलं, आणि तेही त्याला थोडं खुपलं.

तो अच्युतजवळ गेला. एवढं मिळाल्यावर काहीतरी द्यायला हवं होतं. "ते तुझं पिवळं पान," तो म्हणाला. "नत्र कमी आहे. मूठभर पांढरं खत दे, बुंध्यापासून लांब, वर भरपूर पाणी. माझ्याकडे आहे, वसूबरोबर पाठवतो."

अच्युतने डोळे बारीक केले. "ऑफिसात विचारणार होतास ना?"

"आठवलं."

"आत्ता?"

"आत्ता."

अच्युतला हसू आवरेना. "दादा, तू पण ना! बरं, पाठव. आपला वेल बघ मग कसा होतो."

टांगा निघाला. चाकांबरोबर बंबाचं झाकण वाजायला लागलं. नरहर मागच्या कडेला पाय सोडून बसला होता. आई घरी चालली होती, राख घरी चालली होती. त्याला सुखच व्हायला हवं होतं. पण तो अच्युतच्या घराकडे पाहत राहिला, आणि त्यामागचं अंगण त्याला मनात दिसत होतं. रिकामा चौथरा. आळ्यात उरलेली राख येत्या पावसात वाहून जाईल. मग अच्युत पांढरं खत घालेल, वेल माजेल, पुढच्या भाद्रपदात काकडीची मान आवळेल, आणि तो इथे उभा राहून विचारेल, काय कमी पडतंय. आणि त्या वर्षी आईच्या पानात फक्त टी. टी. नगरची काकडी असेल. लांब, सरळ, कोवळी.

चित्र फार सुंदर होतं. टांगा कोपऱ्यावर पोचेपर्यंत नरहरने ते पाहून घेतलं.

"थांबव रे," तो टांगेवाल्याला म्हणाला. "ज़रा रोको भाई."

"आता काय विसरलं?" कमलिनी म्हणाली.

तो उतरला आणि धोतर सावरत, रस्त्यातली डबकी चुकवत परत चालत गेला. अच्युत फाटकातच होता.

"नुसतं पांढरं खत घालू नकोस," नरहर धापा टाकत म्हणाला. "माझ्यासारखं होईल. त्याच्याबरोबर लाकडाची राख हवी. तुझ्या काकड्या त्या राखेवर होत्या. बंब चालला, आता तुझ्याकडे राख नाही."

अच्युत त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने दूर टांग्याकडे पाहिलं, बंबाकडे, बंबापुढच्या पांढऱ्या केसांकडे.

"म्हणजे राख तुझ्याकडे."

"माझ्याकडे. दर रविवारी साठवून ठेवीन. येऊन घेऊन जा."

"दर रविवारी बरखेड्याहून राखेसाठी यायचं?"

"सुचेतालाही आण. चार वाजता ये," नरहर म्हणाला. "चहा असतो."